पाच हजार एकोणचाळीस फरशा

"पुन्हा बाकी उरली," भोपळ्या म्हणाला आणि त्याने खडू गोदामाच्या भिंतीवर आपटला.

"तेविसाने?" ताईने विचारलं.

"तेविसाने, एकोणतिसाने, एकतिसानेसुद्धा. डोकं उठवलंय या आकड्याने."

सुट्टीत मामाकडे मजा करायला आलेली तिन्ही भावंडं सकाळपासून धूळ खात होती. मामा जुन्या इमारतींच्या फरशा काढून नव्या जागी बसवायचा. या वेळी एका पाडलेल्या सभागृहाची नक्षीदार फरशी संग्रहालयात जायची होती, आणि पठ्ठ्याने मापाचा कागदच हरवला होता. संध्याकाळी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. रांगा किती आणि एका रांगेत फरशा किती, हे सांगता आलं नाही, तर काम दुसऱ्याला आणि या फरशा भरावात टाकायच्या.

मामाला आठवत होतं ते एवढंच, की सभागृह चौकोनी होतं. फरशा पाच हजार एकोणचाळीस, सगळ्या अख्ख्या, त्याने स्वतः मोजलेल्या.

"भाग नीट जाणारा आकडा शोधा, झालं!" असं सांगून तो मोकळा झाला होता.

"तुझंच चुकत असेल," धाकटी चिंगी म्हणाली. "गणितात भोपळा कोणाला मिळतो?"

"तीनदा केलंय!" भोपळ्याला रडू फुटायचंच बाकी होतं. खरं बोलूनही कोणी ऐकेना, याचाच त्याला जास्त राग आला होता.

ताईने खडू घेतला आणि सदुसष्टापर्यंत सगळं पुन्हा केलं. बाकी उरलीच. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर पाच हजार एकेचाळीस, म्हणजे फरशांपेक्षा जास्तच; पुढे शोधण्यात अर्थ नव्हता.

"हा बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "याला एक आणि हा स्वतः सोडून कोणाचाच भाग जात नाही. एवढ्या फरशांचा चौकोन होणारच नाही. नुसती एक लांबलचक रांग होईल."

"म्हणजे मामाची मोजणी चुकली!" भोपळ्या उठलाच.

मामा मागच्या न्हाणीघरात जुनी फरशी काढत होता. "माझी मोजणी? तुम्ही जन्मायच्या आधीपासून मोजतोय मी," तो गुरगुरला. त्याने मधल्या फरशीवर टकटक केलं, ती पोकळ वाजली, आणि त्याने हातोडा घातला. फरशीचे तुकडे झाले.

"अहो मामा, फोडली कशाला?" चिंगी किंचाळली.

"पहिली फोडावीच लागते. नाहीतर छिन्नी घालणार कुठून?"

भोपळ्या तुकड्यांकडे बघत राहिला. "ही तुम्ही मोजता?"

"फुटकी कशाला मोजू?" मामा म्हणाला, आणि त्याचा हातोडा हवेतच थांबला.

पाच हजार चाळीस! आता भाग जायला लागले, पण इतक्या आकड्यांचे की भोपळ्याने पुन्हा कपाळ धरलं. शेवटी चिंगीने कडेच्या निळ्या फरशांचा ढीग मोजला. कोपऱ्यांसकट दोनशे ऐंशी. एवढी कड एकाच जोडीला बसत होती: सत्तर रांगा, प्रत्येकीत बहात्तर.

संध्याकाळी बाईंनी भिंत नीट वाचली. "सुरेख. हे कोणी शोधलं?"

मामाने भोपळ्याला पुढे ढकललं. "याचे भागाकार सकाळपासून बरोबर होते. चूक माझी होती, आणि बोलणी यानं खाल्ली."

ताईने भिंत पुसायला फडकं घेतलं, तर भोपळ्या आडवा उभा राहिला.

"राहू दे," तो म्हणाला. "आधी चिंगीला सगळं वाचायला लाव."