जवारीचा परवाना

मिरजेत आता जवारी लावायला शिकावं लागत नसे. तंबोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोडीवर कानस किती हलकी फिरवली म्हणजे तार झणकारते, हे मनगटावरच्या पट्टीतून थेट हातात उतरे. कसबी माणसाच्या मेंदूकडून हाताकडे जाणारे संदेश टिपायचे आणि दुसऱ्याच्या मज्जातंतूंकडून तेच गिरवून घ्यायचे. याला हातठसा म्हणत.

नसीम सतारमेकरच्या अब्बांनी आपला हातठसा जाण्यापूर्वी मुक्त परवान्यावर दिला होता. कुणीही घ्यावा, बदलावा; नाव मात्र सांगावं, आणि त्यातून जे नवं निघेल तेही सगळ्यांना खुलं ठेवावं. परवाना मूळचा परदेशी. तो आपल्या कायद्याच्या मापात बसवणाऱ्या समितीत कायदेतज्ज्ञ डॉ. उर्मिला घैसास होत्या. नसीम त्यांच्यासमोर बसली होती, कारण एका कंपनीला आता तिचा हात टिपायचा होता.

"मॅडम, माझी जवारी मी शोधलीय. अब्बांची पट्टी मी कधी बांधलीच नाही!"

"ते ठसे ताडून बघणाऱ्या यंत्राला कळत नाही, नसीमताई. ते फक्त दोन हातांतलं साम्य मोजतं. निम्म्याहून जास्त भरलं, की कायद्यानं ती ठशातून निघालेली कृती. तुमचं जास्त भरलंय, म्हणजे तुमचा हातही सगळ्यांना खुला."

"भरणारच की! बापाच्या मांडीला मांडी लावून शिकले. मग काय शेजारच्या सायकलवाल्याशी जुळायला हवं होतं?"

डॉक्टरांना हसू आलं, पण त्या समजावत राहिल्या. "परदेशी मसुद्यात हे मोघम होतं. इथं जो तो ठसा वापरून 'घरीच शिकलो' म्हणू लागला. म्हणून माप ठरवलं. तुम्ही बघून शिकलात, याला साक्षीदार आहे कुणी?"

"अब्बा होते."

डॉक्टरांनी समोरचा कागद मिटला. नसीमनं विचारलं,

"मग आपला हात आपलाच ठेवायचा तर काय करायचं?"

"तो कुणाशी जुळता कामा नये," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

आठवड्याभरात कंपनीची माणसं आली. अदबीनं वागली, चहा प्याली, नसीमचा हात टिपून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नसीम दुकानात घोडी घासत होती. तिची आठ वर्षांची रेहाना शेजारी येऊन टेकली. तिची नजर कानशीवरून हलेना.

नसीमचा हात थांबला.

"रेहाना, तिकडे तोंड करून बस."

"का गं अम्मी? मी कशाला हातपण लावला नाही. नुसती बघतेय."

"म्हणूनच," नसीम म्हणाली, आणि तिनं स्वतःच पाठ फिरवली.