चार मिलिमीटरचं भांडण

ब्रॅकेट हातात घेऊन ती लेथवाल्याच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"हे कुणी केलंय?"

मशीन बंद करून तो वळला. महिन्याभरापूर्वीच दुकान घेतलेला हा नवा माणूस तिनं आज पहिल्यांदाच समोर पाहिला. चष्मा कपाळावर सरकवत तो म्हणाला, "मीच. का... बसलं नाही?"

"बसलं. चार मिलिमीटर आत बसलं."

बाबांच्या वयाच्या एका ट्रकात नवं इंजिन बसवायचं काम त्यांच्या गॅरेजात पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवलं होतं. इंजिन बिनबोभाट चढलं. अडलं ते त्याला जोडायच्या भागांच्या गोतावळ्यापाशी. नव्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागाच वेगळी, म्हणून चिठ्ठी पाठवून ब्रॅकेट करून घ्यावं लागलं. दोन्हींच्या पुल्या एका ओळीत नसल्या की त्यांच्यावरचा पट्टा किंचाळतो आणि उडतो. आज तो उडाला होता, तोही ट्रकमालकासमोर. "पोरीच्या हाती दिलं की असंच व्हायचं," मालक म्हणाला होता.

"चिठ्ठीवर बेचाळीस लिहिलं होतं मी. तुम्ही अडतीस केलंत."

"बेचाळीस जास्त वाटलं. म्हणून तुमच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, अडतीस कर."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "माप माझं, सही माझी, खाली नंबर माझा. आणि विचारलंत बाबांना? त्यांनी त्या इंजिनाला बोटही लावलेलं नाही."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हटल्यानं पट्टा जागेवर येत नाही."

"खरंय. थांबता? आत्ताच करून देतो."

त्यानं पुढे केलेल्या स्टुलाकडे न बघता ती हाताची घडी घालून उभी राहिली. नवा तुकडा घेऊन तो कापत होता, घासत होता, पुन्हा पुन्हा मोजत होता. शेवटी त्यानं ब्रॅकेट आणि मोजपट्टी तिच्याच हातात दिली. "तुम्ही बघा."

बेचाळीस. केसाचाही फरक नाही. ते हात आपल्याला आवडले, याचाही तिला रागच आला.

ब्रॅकेट बसवायला तो गॅरेजात सोबत आला. तिनं बोल्ट आवळले, पट्टा ताणला, इंजिन सुरू केलं. पट्टा गुपचूप फिरत राहिला. मालक वाकून बघत होता, शेजारी बाबा.

"माप यांचंच बरोबर होतं, काका," तो दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "यांना न विचारता मी बदललं."

बाबांनी मान खाली घातली. "मीही न बघताच बोललो, पोरी."

मालक टायर बघायच्या निमित्तानं पलीकडे सरकला.

लेथवाला निघाला, तशी ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. "मलाच का नाही विचारलंत?"

"दोनदा नंबर लावला... आणि रिंग जायच्या आत बंद केला." तो हात पुसत राहिला. "तुम्ही रोज दुकानावरून जाता. आवडता मला. नेमकं बोलायचं काम निघालं, तर जीभच उचलेना."

"आणि त्यापायी माझा पट्टा उडाला."

"हो."

"लाज वाटायला हवी."

"वाटतेय."

हसू लपवायला तिनं तोंड फिरवलं. "माझा राग गेलेला नाही अजून."

"मग... निघू मी?"

"निघा म्हटलं का मी?" तिनं ट्रकचं पलीकडचं दार उघडलं. "चाचणीला चाललेय. बसा. तुम्हाला बरंच काही सुनावायचं राहिलंय."

बोलणी खायला इतक्या खुशीत चढून बसणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.