वाकलेला रूळ

"माझ्या माणसावर आळ आलाय, बाई. तेवढा पुसून द्या."

चावीवाल्याची विधवा चार महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा रूळ जखडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज दहा मैल चालायचा. मंगळवारी भर उन्हात रूळ वाकला आणि इंजिन घसरलं. प्रवासी वाचले, तो तेवढा चिरडला गेला. रेल्वे ऑफिसचं म्हणणं, त्यानेच चाव्या सैल केल्या.

बाई पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या, आता खासगी तपास करायच्या. त्यांचे यजमान, निवृत्त टपालमास्तर, सोबत असायचे. त्यांना सगळं उशिरा कळायचं.

"बाळाचं जन्माचं कार्ड बघू," बाई म्हणाल्या. एकवीस जानेवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

"अडले होते मी. हे लाईनवर लांब होते. धाकटे भाऊजी धावत आले, मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर दोघंही गेलो असतो. संध्याकाळपर्यंत भाऊजी दवाखान्याच्या दारातून हलले नाहीत."

मग बाई आणि टपालमास्तर रुळावर गेले. वाकलेल्या जागी प्रत्येक चावी घट्ट होती. प्रेत तिथून तीनशे पावलं पुढे, गाडी येत होती त्या दिशेला सापडलं होतं, हातात लाल झेंडा.

रेल्वेच्या इंजिनियरने कामाची वही पुढे केली. "इथलं मागचं काम एकवीस जानेवारीचं. दुपारी बारा, रूळ चाळीस अंश. नियमात बसतं."

"गँगचा मुकादम नसेल तर?" बाईंनी विचारलं.

"त्याच्याशिवाय गँग एक चावी ठोकत नाही."

मुकादम म्हणजे तोच धाकटा दीर. "लिहिलंय ना वहीत," एवढंच तो बोलला. डोळे मात्र वर उचलले नाहीत.

संध्याकाळी बाईंनी मुकादमाला आणि त्याच्या वहिनीला तिच्याच खोलीत बसवलं.

"चावीवाल्याने काही सैल केलं नव्हतं. वाकलेला रूळ दिसला, तसा तो गाडी थांबवायला धावला. गाडीचा वेग त्याच्यामुळे कमी झाला, म्हणून प्रवासी जगले."

"मग रूळ वाकला कसा?" टपालमास्तरांनी विचारलं.

"अहो, थंडीत लोखंड आखडतं. रूळ तापल्यावर जखडायचे असतात. गारठ्यात जखडले, तर उन्हाळ्यात वाढलेली लांबी जाणार कुठे? बाजूला फुगते. वहीत दुपारचे बारा लिहिलेत. पण त्या वेळी मुकादम दवाखान्याच्या दारात होता. म्हणजे काम त्याआधीच, सकाळच्या गारठ्यात उरकलं."

मुकादमाचा बांध फुटला.

"निरोप आला तेव्हा रूळ उघडा होता. तसाच सोडला असता तर पुढची गाडी घसरली असती. ठोकला आणि पळालो. वहीत खोटं लिहिलं. परत उघडायचा तर खोटं कबूल करावं लागणार. रोज म्हणायचो, उद्या सांगतो. दादालासुद्धा बोललो नाही, वहिनी. तो रोज त्याच रुळावरून चालायचा."

टपालमास्तरांनी चष्मा काढून हातात धरला.

"तुम्ही आला नसतात, तर मी आणि हा तान्हा, दोघंही नसतो," ती शेवटी म्हणाली. "आलात, म्हणून हे नाहीत. मी शिव्या कुणाला देऊ, भाऊजी?"

तो उठला. "ऑफिसात जाऊन सगळं सांगतो."

"थांबा." तिने बाळ खांद्यावर घेतलं, चपला शोधल्या. "मीही येते. दोषी म्हणून ह्यांचं नाव लिहिलंय, ते माझ्यासमोर खोडू देत."

दोघं एका पाठोपाठ एक जिना उतरले. मध्ये चार पायऱ्यांचं अंतर ठेवून.