घंटा आणि धोंडवाट

सांगवणगडाच्या तटावर नुकते उजाडले होते. खाली नदीकाठच्या अन्नछत्रावर अजून धुके होते, आणि त्या धुक्यात छत्राची आचारीण चिमाबाई कालचा शंभर पानांचा भात नदीत लोटत होती.

गनिमाने सात गावे जाळली होती. वाचलेली माणसे पैलतीरावरच्या कपारींत दडली होती. दुपारी छत्राच्या उंबऱ्याबाहेरची घंटा झाली की ती उपाशी माणसे नदी ओलांडायला उताराकडे येत, आणि तिथेच करवंदीच्या जाळीत गनिमाचे स्वार दबा धरून बसत. तीन दिवसांत बावीस माणसे कापली गेली, त्यांत चिमाबाईची धाकटी बहीण अनसूया. मग कोणी येईना. अनसूयेच्या दोन लेकी अजून कपारीतच होत्या.

चिमाबाई तशीच ओल्या हातांनी छत्राच्या सदरेवर गेली.

"पंत, पहिल्या दिवशी सांगितलं तेच पुन्हा सांगते. अन्न तिकडे पोहोचवू या."

कारभारी विसाजीपंत ताठ बसले. "बाई, उंबऱ्याच्या आत, बसल्या पंगतीस वाढावे, घंटा चुकवू नये, अशी संस्थापकांची आज्ञा दगडावर कोरलेली आहे. साठ वर्षे पाळली. आज मोडू?"

"दगडाला भूक लागत नाही, पंत. तुम्हालाही लागलेली दिसत नाही."

पहारेकरी खुदकन हसला. पंतांचा चेहरा लाल झाला.

"जीभ आवरा!"

"आवरते. तुम्ही घंटा वाजवा, चांगली दणकून वाजवा! माणसं आता तिला फसत नाहीत, पण स्वार अजून फसतात. ते उतारावर जमले की वरच्या अंगाची नदीतली धोंडवाट मोकळी. भाजल्या ज्वारीचं पीठ मी तिकडून नेते. हा डाव त्यांना कळेल तेव्हा मात्र त्यांची पहिली गोळी घंटेवाल्याला."

पंतांनी नदीत तरंगणारा भात पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मग दोर नोकराच्या हाती नको," ते म्हणाले. "मी ओढीन."

दहा दिवस घंटा घणघणत राहिली, आणि दहा दिवस पिठाची पोती कपारींत पोहोचली. अकराव्या दिवशी चिमाबाई पैलतीरावर असताना घंटा मध्येच थांबली.

ती परतली तेव्हा पंत छातीत गोळी लागून उंबऱ्याबाहेर मरून पडले होते, दोर मुठीत तसाच. तिने तो सोडवला नाही. रडलीही नाही.

"बावीस माणसं, पंत," ती दात आवळून म्हणाली. "पहिल्याच दिवशी ऐकलं असतंत तर!"

गनीम हटल्यावर तिने तो कोरीव दगड उपटला आणि धोंडवाटेच्या पहिल्या पायरीला पालथा बसवला.