खोट्याच्या भिंतीवरचा माणूस

डोळ्यांचे डॉक्टर नववीच्या वर्गात शिरले आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम वळल्या — आधी डॉक्टरांकडे, मग मागच्या भिंतीकडे, मग पुन्हा डॉक्टरांकडे.

शाळेत डोळे तपासणीचा दिवस होता. अक्षरांचा तक्ता दुरून वाचायला लांब खोली लागते, आणि सगळ्यात लांब खोली नववीच्या बाईंच्या वर्गाची, म्हणून डॉक्टर तिच्या वाट्याला आले. एवढाच काय तो योगायोग. त्यात दैव वगैरे बघायची तिला सवय नव्हती. ती शिकवायची तो विषयच मुळी चटकन विश्वास न ठेवण्याचा! मोबाइलवर आलेला फोटो, व्हिडिओ, बातमी पुढे ढकलण्याआधी खरी की खोटी ते कसं बघायचं — पहिल्यांदा कुणी टाकलं, कधी, कुठून, आणि लोकांना ते खरं वाटलं तर फायदा कुणाचा. वर्गात कुणी काहीही बोललं की तिचा एकच शब्द ठरलेला. "पुरावा?" मुलं माघारी तिला पुरावाबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं.

मागच्या भिंतीवर मुलांनी आणि तिनं मिळून पकडलेली खोटी चित्रं डकवलेली होती. त्या भिंतीचं नावच 'खोट्याची भिंत'.

"बाई," पहिल्या बाकावरची चष्मिस कुजबुजली, पण वर्गभर ऐकू जाईल अशी. "बाई, कान बघा. कान तोच आहे!"

कानांचं तिनंच शिकवलं होतं. दाढीनं चेहरा बदलतो, केस बदलतात, कान बदलत नाही. तिनं डॉक्टरांचा कान पाहिला. वरची कड जराशी दुमडलेली. मग भिंतीवरचा फोटो पाहिला. छातीएवढ्या गढूळ पाण्यातून पाठीवर म्हातारी घेऊन चाललेला एक दाढीवाला. कानाची कड... जराशी दुमडलेली.

"अय्या, खोटेकाका!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग फिस्सकन हसला.

डॉक्टर फोटोजवळ गेले. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'चार देश, चार पूर, माणूस मात्र एकच! हे सिनेमाचं शूटिंग. हा माणूस नट आहे.' त्यांनी ते पुन्हापुन्हा वाचलं असावं, कारण बराच वेळ ते वळलेच नाहीत. मग त्यांनी तक्ता टांगला आणि एकेका मुलाला हळुवारपणे उभं करून डोळे तपासले. जणू काही झालंच नाही.

शेवटचं मूल जागेवर बसलं तेव्हा पेटी आवरता आवरता ते म्हणाले, "बाई, ते चार पूर खोटे, हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. पण नट...? मी जन्मात एकदाच नाटकात काम केलंय. तिसरीत. झाड झालो होतो."

वर्ग हसला. तीही हसली — आणि त्यांच्या डोळ्यांत हसू नाही, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"पूर पाचवाच होता. आमच्याकडचा. आणि पाठीवर आहे ती माझी आई."

"पुरावा?"

शब्द सुटला आणि तिनं जीभ चावली. डोळ्यात कचरा जाताना पापणी जशी मिटते तसा तो आला होता, मनाला न विचारता. काहीतरी भलतंच घडलंय, हे पोरांनाही कळलं.

"पुरावा नाही," डॉक्टर म्हणाले. "घर गेलं, त्याबरोबर घरातले सगळे फोटो गेले. दोन दिवसांनी तीही गेली. तिचा हा एवढाच राहिलाय. तोसुद्धा काढला कुणी, माहीत नाही." त्यांनी पेटी उचलली. "येतो."

*

ती आत्याकडे राहायची. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणजे आता बोलणार.

"सांगून आलेल्या मुलाचा फोटो इंटरनेटवर शोधून त्याचं आधीचं लग्न बाहेर काढणारी पोरगी तू. तेव्हा मीच म्हटलं, वाचलीस गं बाई. पण दुधानं तोंड पोळलं तर माणूस ताक फुंकून पितं. तू तर आता पाणीसुद्धा फुंकायला लागलीस."

"आत्या, तपासायला नको?"

"तपास की! मला सांग, शूटिंग आहे हे तुला कुणी सांगितलं होतं?"

कुणी म्हणजे... त्या फोटोखाली कुणा अनोळखी माणसानं एक ओळ लिहिली होती. चार पूर तिनं रात्रंदिवस खपून तपासले होते. ही पाचवी ओळ मात्र उचलली आणि भिंतीवर लावली. पटायला सोपी होती म्हणून. मुलांनी असं केलं असतं तर तिनं त्यांना तासभर सुनावलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. बाहेर अवेळी पाऊस. पत्र्यावर थेंबांचा ताशा. सगळे रुग्ण गेले, मग तिची पाळी आली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"नीट दिसलं नाही मला."

"लांबचं की जवळचं?"

"जवळचं..."

त्यांनी मान वर केली. ती उभीच होती — भिजलेली, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत.

"माफी मागायला आलेय, डॉक्टर. डोळे बरे आहेत माझे."

"बरे नाहीत. फळ्याकडे बघताना तुम्ही डोळे बारीक करता. बसा."

"तुम्ही मुलांचे डोळे तपासत होतात ना?"

"मुलांचेच." ते थांबले. "मध्ये मध्ये... नजर जाते माणसाची."

त्यांनी तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. चुरचुरलं. आता बाहुल्या मोठ्या होतील, म्हणाले, थोडा वेळ सगळं धुरकट दिसेल, बसून राहावं लागेल. हळूहळू दिव्याचा गोळा पसरला, तक्त्यावरची अक्षरं विरघळली, समोरच्या माणसाचा नुसता एक मऊ, निळसर ठिपका उरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासमोर कुणीतरी बोलत होतं आणि तिला त्याचा चेहरा तपासता येत नव्हता. आवाज तेवढा ऐकायचा.

"लोकांना वाटतं, फोटोत ती रडतेय," तो आवाज म्हणाला. "रडत नाहीये. ओरडतेय माझ्यावर. 'अरे, दाराला कुलूप लावलंस का?' छातीएवढं पाणी, पायाखाली जमीन आहे की नाही ते कळेना, आणि हिचं आपलं, कुलूप लावलंस का, लावलंस का! मी म्हणत होतो, हो गं आई, लावलं."

"मग?"

"लावलं नव्हतं. कुलूपच सापडलं नाही मला." पाऊस वाढला तसा आवाज थांबला. सर उणावल्यावर पुन्हा आला. "पुढे दोन दिवस ती तापातच होती. शुद्धीवर असताना तिच्याशी जे शेवटचं बोललो ते खोटं. आणि मग तो फोटो फिरायला लागला. एकदा मी खाली लिहिलं होतं, ही माझी आई आहे म्हणून. लोकांनी पुरावा मागितला. हसले. नंतर मी तो कधी उघडूनच बघितला नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. औषधाचं असेल, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

"वर्गात याल?" तिनं विचारलं. "मुलं विचारतील. फार विचारतात."

"आणि पुरावा नाहीच मिळाला तर?"

"नाहीच मिळणार. मी काल शोधलं. सगळ्यात जुनी प्रत सापडली तीही कापलेली, काढणाऱ्याचं नाव नाही. खाली काय लिहायचं ते मला कळत नाहीये, डॉक्टर. पण तुम्हाला सोडून लिहायचं नाही, एवढं कळलंय."

लगेच हो म्हणायला ते काही झाड नव्हते, वाऱ्यासरशी डोलायला. बघू म्हणाले. दरम्यान तिचा चष्मा तयार झाला. फ्रेम सैल झाली म्हणून ती पुन्हा गेली. मग घट्ट झाली म्हणून गेली. त्यानंतर तिनं ती घरीच हातानं सैल केली आणि घेऊन गेली. आत्यानं पाहिलं, पण बोलली नाही. डॉक्टरही ओळखत असावेत, कारण स्क्रू पिळायला त्यांना दर खेपेला जास्तच वेळ लागायचा. एका संध्याकाळी चष्मा तिच्या कानांवर बसवताना त्यांची बोटं जरा रेंगाळली...

"कान तपासताय?" ती म्हणाली.

"हो. पुढे-मागे ओळख पटवायची वेळ आली तर असावेत लक्षात." आणि मग, तिच्याकडे न बघता, "शनिवारी येतो वर्गात."

*

शनिवारी पडद्यावर तो फोटो भिंतीएवढा मोठा लावला होता. डॉक्टर पडद्याकडे पाठ करून बसले. मुलांनी सुरुवात केली. फोटो कुणी काढला? पुलावर बरीच माणसं होती, मोबाइल धरून. मग त्यांनी मदत का नाही केली? एकानं केली, मोबाइल खिशात घालून हात दिला. तुम्हाला त्यांचा राग येतो?

"काढणाऱ्याचा नाही येत. त्याच्यामुळे ती आहे तरी माझ्याकडे. दुसरीच गावं लिहून पुढे पाठवणाऱ्यांचा यायचा."

आजी काय म्हणतायत, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी कुलपाचं सांगितलं, स्वतःच्या खोट्यासकट. मुलं हसली, मग हसायचं थांबली.

"बाई," चष्मिस उठून पडद्यापाशी गेली होती. "आजींच्या उजव्या मुठीत काहीतरी आहे. मोठं करा ना."

तिनं मोठं केलं. मूठ पडदाभर झाली. बोटांच्या फटीतून काहीतरी पिवळट, चपटं बाहेर आलेलं.

"किल्ली आहे!"

"हॅट, बांगडी आहे, तुटलेली."

"बांगडी चपटी असते का रे, शहाण्या?"

डॉक्टर वळले. भिंतीपाशी त्यांनी नुसता खालचा मजकूर वाचला होता; फोटो नीट असा आत्ता पहिल्यांदाच पाहिला — आणि उभे राहिले. पडद्याच्या इतके जवळ गेले की मूठ त्यांच्याच सदऱ्यावर उमटली.

"कुलूप सापडलं नाही मला..." ते अगदी हळू म्हणाले. "तिनंच लावलं होतं की काय?"

मग त्यांचं त्यांनाच उलगडत गेलं तसे ते बोलत गेले. "पाण्यात पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. तिनं कुलपाचा धोशा लावला तशी मला तिचीच चीड यायला लागली. चिडलो, आणि घाबरायचं विसरलो. मी लावलं म्हणत होतो. ती पुन्हा विचारत होती. किल्ली मुठीत धरून..."

"काका, पण ती बांगडीपण असू शकते," चष्मिस बारीक आवाजात म्हणाली.

"हो गं. असू शकते. मी मुलगा आहे तिचा, माझं धरू नका." त्यांनी चेहरा पुसला. "बाई, तुम्हाला काय दिसतं?"

ती पडद्याजवळ आली. नवा चष्मा, पुसलेल्या काचा. तरीही तिला नुसते पिवळट ठिपके दिसले.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "बघून नाही सांगता येत."

तिनं भिंतीवरचा जुना मजकूर काढला आणि मुलांसमोरच नवा लिहिला. 'फोटो खरा आहे. त्याबरोबर फिरणारी चारही देशांची नावं खोटी. नट आहे, हे मी न तपासता लिहिलं होतं. ती माझी चूक. पाठीवरच्या बाई याच माणसाची आई, असं तो सांगतो. सिद्ध करता येत नाही. मी मानते.' खाली तिनं सही केली.

"बाई, 'मानते' चालतं?" मागून प्रश्न आला.

"मानणारा सही करणार असेल तर चालतं. उद्या चुकलं तर कुणाला धरायचं ते कळतं."

बऱ्याच मुलांनी सह्या केल्या. चष्मिसनं नाही केली. "मला अजून खात्री नाही," ती म्हणाली, कानाच्या पाळ्या लाल करून.

"हिला पैकीच्या पैकी द्या," डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच मनापासून हसले.

*

फोटोची मोठी प्रत काढून घरी लावायची, असं त्यांनी ठरवलं. पण दुकानात एकट्यानं जायचा धीर होईना. "याल का बरोबर?" त्यांनी विचारलं. गेली.

दुकानदारानं मोबाइलवरचा फोटो मशीनवर घेतला आणि मान हलवली. "साहेब, हा कशाला काढताय? खोटा आहे हा. आमच्या धाकटीला शाळेत शिकवलंय. त्यातला बाप्या नट आहे."

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. भिंतीवरचा मजकूर बदलला, पण जुना घरोघरी कधीच पोचला होता. अशा किती घरांत जाऊन ती पुसणार होती? शेजारी डॉक्टर निमूट उभे होते. खाली बघत. पुन्हा एकदा पुरावा नसलेले.

"खोटा नाही तो," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण वर्गातला होता. "धाकटीला शिकवणारी मीच. चुकीचं शिकवलं होतं. आणि ह्या आजी..." ती अडखळली. मान वर केली. "ह्या माझ्या सासूबाई."

डॉक्टरांनी वळून पाहिलं. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं, कुजबुजत.

"तुमची हरकत नसेल तर... आत्तापासून."

काउंटरखाली त्यांनी तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

"मग किती प्रती काढू?" दुकानदारानं विचारलं. "दोन काढू? एक साहेबांना, एक बाईंना?"

"नको," डॉक्टर म्हणाले. "एकच काढा. एकाच घरात लावायचाय."