न दिलेला खो

दोन बश्या, दोन्हींत शर्वाणीच्याच त्वचेच्या पेशी. चंद्रावरचं कडक ऊन दोन्हींवर सारखंच पडलं. तरी पहिल्या बशीतल्या बहुतेक पेशी जगल्या आणि दुसरीतल्या मेल्या. का?

"तूच सांग," आजोबा म्हणाले. ते घुमटनगरीतले पेशीतज्ज्ञ.

शर्वाणीचं लक्षच नव्हतं. तिचा नुसता जळफळाट चालला होता. ती झेलम पृथ्वीवरून आली काय आणि खो-खोची कर्णधार झाली काय! कर्णधारपद आधी शर्वाणीचं होतं. माणसं चंद्रावर राहायला आली तेव्हा हेवाही सोबत आला. त्याला यानात वजन भरावं लागत नाही.

"आज सरावात हरलात म्हणे?"

"पळणारी झेलमच्या पुढ्यात होती. मी खो दिलाच नाही. सगळ्या टाळ्या तिलाच कशाला?"

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी पहिली बशी पडद्यावर मोठी करून दाखवली.

"उन्हातले अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पेशीला इजा करतात. मग कायनेज (दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण चिकटवून त्याला जागं करणारं प्रथिन) कामाला लागतं. तेही खो देतं बघ! एक कायनेज एमकेके-६ नावाच्या दुसऱ्या कायनेजला उठवतं, एमकेके-६ पी-३८ नावाच्या तिसऱ्याला. पी-३८ उठलं की पेशीला बजावतं, 'वाढ थांबव, आधी दुरुस्ती कर.'"

"मग दुसऱ्या बशीत पी-३८ नव्हतं?"

"होतं की! चांगलं धडधाकट. मी एमकेके-६ आणि तेच काम करणाऱ्या त्याच्या भावंडाची जनुकं (प्रथिन कसं घडवायचं याच्या पेशीतल्या सूचना) बंद केली होती."

शर्वाणीनं दुसरी बशी जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ते बिचारं बसूनच राहिलं. खो कुणी दिलाच नाही."

"हं. ही साखळी पुरती उलगडली, की उन्हानं भाजलेल्या त्वचेवर नवं औषध सापडेल. कदाचित तुझ्या पिढीलाच."

दुसऱ्या दिवशी पृथ्वीच्या संघाशी अंतिम सामना होता. शेवटचं मिनिट आलं आणि एक गडी बाद करायचा राहिला. पळणारी गिरकी घेऊन मागे सटकली. पाठलाग करणाऱ्या शर्वाणीला नियमानं मागे वळता येत नव्हतं. शेजारच्या चौकोनात झेलम बसलेली. शर्वाणीच्या पोटात दुखलं, चांगलंच दुखलं. तरी तिनं झेलमच्या पाठीवर थाप मारली.

"खो!"

झेलम उसळली. गडी बाद! घुमटभर "झेलम! झेलम!" असा गजर झाला.

झेलम धापा टाकत शर्वाणीकडे आली. "काल का नाही दिलास गं खो?"

"जळत होते तुझ्यावर."

"आणि आज?"

"आजही जळतेय," शर्वाणी म्हणाली. "पण आपण जिंकलो."