पूरक कान

कापडी गवसणीची वरची गाठ सोडून दस्तगीर उस्तादांनी तंबोऱ्याच्या चारही तारांवरून बोट फिरवलं, डोळे मिटले आणि मान डोलावत म्हणाले, "वा! काय बोलतोय!"

चहा घेऊन दारात आलेली त्यांची लेक मेहजबीन जागच्या जागी थिजली. तंबोरा बोलत नव्हताच. तो पुण्याला पाठवायचा होता. वाटेत तारा वाजू नयेत म्हणून तिने सकाळीच खाली, घोडीपाशी, तारांमध्ये फडक्याची जाड घडी खुपसली होती आणि वर गवसणी चढवली होती. तारांतून आला तो नुसता ठप्प आवाज, उशीवर चापट मारल्यासारखा. आणि इकडे उस्तादांच्या डोळ्यांत चक्क पाणी!

"अब्बा, चहा," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

मिरजेच्या त्या गल्लीत दस्तगीरांच्या जवारीला तोड नव्हती. तंबोऱ्याच्या घोडीवर, जिथे तार टेकते तिथे, कानस केसभर इकडे की तिकडे यावर सगळा खेळ. जमली तर तार गुंजते, नाही तर बापडी नुसती वाजते. असा माणूस सत्तरीत ठार बहिरा झाला. कानस खाली ठेवली, जेवण तुटलं, दिवसभर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. तेव्हा मेहजबीननेच हट्टाने त्यांना सांगलीला नेऊन 'पूरक कान' बसवून घेतला. बोराएवढं यंत्र, कानामागे चिकटणारं. त्या दिवशी म्हातारा लहान मुलासारखा रडला आणि घरी येऊन आधी कानस शोधायला लागला.

आणखी एक नवल घडलं. बाईमाणसाने जवारीला बसायचं नाही असा त्या घरचा दंडक. मेहजबीनला उभ्या जन्मात "ठीक आहे" यापलीकडे शाबासकी मिळाली नव्हती. पण पूरक कान आल्यावर तिने धीर करून स्वतःची जवारी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ऐकली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, माझ्या बापाचा हात आहे हा." तो तंबोरा तिने विकलाच नाही. तिच्या कानाला तो मधेच कोरडा लागायचा, खोटं कशाला बोला! पण खुद्द उस्ताद वा म्हणतात तिथे आपल्या कानाची काय टाप? अब्बांचे तंबोरे परत येऊ लागले तेव्हा हात थकला असेल म्हणून ती ते गुपचूप स्वतः दुरुस्त करून पाठवायची. ती गिऱ्हाइकं पुन्हा फिरकली नाहीत. मेहजबीनने खापर फोडलं ते मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला डॉक्टर हेर्लेकरांकडे गेली आणि फडक्याची गोष्ट सांगितली.

"पूरक कान नुसता आवाज वाढवत नाही," डॉक्टर म्हणाले. "जे ऐकू येत नाही तिथे तो भर घालतो. म्हणून तर आम्ही नमुना मागतो, रुग्णाचा सगळ्यात लाडका आवाज. लोक नातवंडांचा आणतात, बायकोचा आणतात. तुम्ही काय आणलं होतं?"

"आजोबांनी केलेला तंबोरा," मेहजबीन म्हणाली. "घरातला सगळ्यात चांगला."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तार कुठलीही छेडली, तरी त्यांना तोच ऐकू येतो. भर बंद करता येईल. पण मग जवळजवळ काहीच उरणार नाही. सुखात आहेत ना? मग राहू द्या की."

परतीच्या बसमध्ये तिलाही तेच पटत होतं. राहू द्यावं. बिचाऱ्यांचं काय उरलंय? अर्ध्या वाटेत मात्र तिच्या मनात आलं. फडक्याचा ठप्प त्यांना गोड लागला, तर आपला तंबोरा? डोक्यावरचा तो हात? आयुष्यात मिळालेली एकुलती एक शाबासकी तिला नव्हतीच, आजोबांना होती. ती खिडकीकडे तोंड करून हमसून हमसून रडली. अब्बांचं सुख राखायचं तर आपलंही खोटं जन्मभर खरं मानावं लागणार, आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यातही तेच मारावं लागणार.

घरी येताच तिने गवसणी सोडली, फडकं उपसून अब्बांच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं.

उस्ताद कितीतरी वेळ फडक्याची घडी घालत राहिले. मग त्यांनी पूरक कान काढून समोर ठेवला. "तुझा तंबोरा आण," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे, नको इतक्या मोठ्याने.

तिने आणून मांडीवर ठेवला. त्यांनी वाकून दांडीला दात लावले आणि तार छेडली. पुन्हा छेडली. कान मेला तरी लाकडातली थरथर दातांना कळते.

"अजून नाही, बेटा," ते म्हणाले. "जवारी खुलली नाही. खर्जाची तार तर कोरडीच आहे."

मग त्यांनी पुण्याचा, स्वतःचा तंबोरा ओढला. दात लावले, एकदाच तार छेडली आणि हळूच दूर सरकवला.

"ह्यापेक्षा तुझा बरा आहे गं," ते म्हणाले. "किती जणांना दिले मी असे?"

समोरचं बोराएवढं यंत्र ते चिमटीत धरून बघत राहिले. त्यात त्यांच्या बापाचा तंबोरा अजून तसाच वाजत होता.

"आता तूच सांग, मेहजू. लावू का परत?" डोळे मिटून त्यांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, उत्तर ऐकायला त्यांना ते आधी कानाला लावावंच लागणार होतं. आणि एकदा लावल्यावर कोणता माणूस ते पुन्हा काढेल?